उरलेलं परत बाटलीत

"ही खुर्ची रात्रीतून आपोआप उंच होते की काय, देव जाणे," इस्त्री मास्कच्या आतल्या आत पुटपुटली. "पाय लोंबकळतात माझे. एवढंच होतं तर झोपाळा टांगायचा."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीला ते नीट ऐकू आलं. पेशी वाढवायची खोली होतीच तेवढी. काचेच्या दोन पेट्या, दोन्हींमधून गाळलेल्या हवेची न थांबणारी घूं घूं, पाठीमागे पेशींच्या बशा ठेवायचं उबदार कपाट, आणि दोन माणसांनी एकदम कोपरं पसरली तर भांडण होईल इतकीच जागा. त्या घूं घूंमुळे तिथे कुणी गप्पा मारत नसे. पुटपुटलेलं मात्र सगळं शेजारी पोचायचं.

खुर्ची कोण उंच करतं हे दोघींनाही माहीत होतं. लंबू करायचा. एरवी त्याचे गुडघे हनुवटीला टेकत. पण लंबूला तोंडावर कुणी काही म्हणत नसे, आणि धाकटीलाही नसे. त्या दोघांना काही बोलायचं झालं की इस्त्री खुर्चीला बोलायची, नळाला बोलायची, कपाटाच्या दाराला बोलायची.

इस्त्री हे नाव अर्थातच मागचं. तोंडावर सगळे तिला ताईच म्हणत. डॉक्टरेटच्या शेवटच्या टप्प्यावर होती ती. पांढरा कोट आणि चेहरा, दोन्हींवर सुरकुती म्हणून नाही. धाकटीचं नाव मात्र उघड होतं. आल्या आल्याच एकदा आईचा फोन आला, तो चुकून स्पीकरवर लागला, आणि "धाकटे, डबा खाल्लास का गं?" हे सगळ्या मजल्यानं ऐकलं. लंबूनं ते तिथल्या तिथे उचललं, आणि मग सरांपर्यंत सगळ्यांचीच ती धाकटी झाली.

धाकटी आणि लंबू ही 'पूर्वतयारी'ची मुलं. ज्या घरातून आजवर कुणी प्रयोगशाळेची पायरी चढलेलं नाही, अशा घरांतल्या पदवीधरांसाठी संस्थेनं एक वर्षाचा वर्ग काढला होता. वर्षभर खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, शोधनिबंध वाचायला शिकायचं, मुलाखतींचा सराव करायचा, आणि शेवटी आजारांवरच्या संशोधनात डॉक्टरेट करण्यासाठी अर्ज करायचा. प्रयोगशाळेचे सर ज्यांची नावं पुढे पाठवतील त्यांनाच मुलाखतीचं बोलावणं येई. सर दोन नावं पाठवू शकत होते आणि मुलं होतीच दोन, तेव्हा काळजीचं तसं काही कारण नव्हतं.

वर्ग चालवणाऱ्या बाई फार मायाळू. मुलं यायच्या आधी त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "या मुलांशी जरा जपून बोला हं. पटकन खचतात. आपल्याशिवाय कोण आहे त्यांना?" खरं तर दोघांनाही आईबाप, मावश्या, मामा, शेजारीपाजारी असा भरपूर गोतावळा होता. पण बाईंचा शब्द कुणी मोडला नाही.

ही बातमी लंबूनं प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडून काढली. "आपण काचेचे आहोत, धाकटे," तो म्हणाला. "खोक्यावर लिहितात ना, 'ही बाजू वर', तसं आपल्या कपाळावर लिहून घ्यायला हवं."

धाकटी तेव्हा हसली. पण मग तिचं लक्ष जायला लागलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं बशीचं नाव झाकणावर लिहिलं होतं, तर इस्त्री केवढ्यांदा कडाडली होती. "झाकणं इकडची तिकडे होतात! नाव तळाला लिहायचं. डोकं घरी ठेवून येतोस का रे?" पुढे धाकटीनंही तेच केलं, तेव्हा इस्त्रीनं एक शब्द न बोलता प्रत्येक बशी अलगद वर धरून तळाला नव्यानं नावं घातली आणि शेवटी म्हणाली, "अक्षर छान आहे गं तुझं."

छान. त्या प्रयोगशाळेत धाकटीच्या वाट्याला हा एवढा एकच शब्द आला होता. सुरुवातीला तिनं तो खरा मानला. घरी जाऊन सांगितलाही.

घरी बाबा रंगारी होते, भिंतींना रंग देणारे. उरलेल्या रंगावर त्यांचा असा जीव, की आई म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलंय, संसार डब्यांशी चाललाय." काम संपलं की ट्रेमधला उरलेला रंग ते जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळून परत डब्यात ओतत, डब्याची कड पुसत, झाकण हातोडीनं गोल गोल ठोकून बसवत. घरातही तोच शिरस्ता. वाटीत उरलेलं तेल परत बरणीत. झाकणात जास्त आलेलं खोकल्याचं औषध परत बाटलीत. 'टाकून दे' हे शब्द त्या घरात शिवीसारखे दबक्या आवाजात उच्चारले जात.

आणि प्रयोगशाळेत पेशींचं जेवण म्हणजे एक लालसर, पारदर्शक द्रव होता. त्याला सगळे मीडियम म्हणत. तो फ्रिजमधल्या एका मोठ्या सामायिक बाटलीत असे. त्यातला लागेल तेवढा छोट्या नळीत काढायचा, कोमट करायचा आणि बशांमधून पेशींना घालायचा. इस्त्रीनं हे सगळं धाकटीला करून दाखवलं होतं. नळीत उरलेल्याचं काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. त्यात काय सांगायचं? फेकायचंच असतं. धाकटीनंही विचारलं नव्हतं. त्यात काय विचारायचं? प्रश्न घशापर्यंत आला होता, नाही असं नाही. पण पदवी घेऊन आलेल्या मुलीनं 'हे कुठे ओतू' असलं विचारलं, तर लोक काय म्हणतील, या लाजेनं तो तिथूनच माघारी गेला. टेबलाखाली टाकाऊ पाण्याचा डबा होता, पण त्यात पेशींचं वापरलेलं, उष्टं पाणी टाकत. हे तर कोरं होतं. कुणी हातही न लावलेलं.

तिनं नळीचं तोंड स्पिरिटनं पुसलं आणि उरलेलं मीडियम अलगद परत मोठ्या बाटलीत ओतलं. झाकण घट्ट लावलं. वरून बोटानं टकटक केलं, बाबा हातोडीनं करतात तसं.

शेजारच्या पेटीतले हात क्षणभर थांबलेले तिला दिसले. तिनं वळून पाहिलं. इस्त्री खाली वाकून खुर्चीचा खटका चाचपडत होती.

"कटकट आहे नुसती," इस्त्री खुर्चीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये नवीन बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. आधीची कुणीतरी संपवलेली दिसते, असं धाकटीला वाटलं. तिनं त्या बाटलीतही उरलेलं परत ओतलं. पुढच्यांतही. एव्हाना ती एकटीच बसून काम करण्याइतकी तयार झाली होती, त्यामुळे बघायला शेजारी कुणी नसायचं. घरी मात्र तिनं सांगितलं. "बाबा, तिथं सगळे उरलेलं फेकून देतात. मी नाही फेकत. मी परत ओतते."

"शाब्बास," बाबा म्हणाले, आणि जेवताना दोनदा आईकडे बघून हसले, म्हणजे बघ, कुणावर गेलीय.

मग पेशी मरायला लागल्या. लाल मीडियम पिवळं पडायचं, गढूळ व्हायचं, बशी उजेडात धरली की आत धुकं धरल्यासारखं दिसायचं. आधी एकाच्या बशा गेल्या, मग दुसऱ्याच्या, आणि मग इस्त्रीच्या. इस्त्रीच्या पेशी साध्या नव्हत्या. यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका लहान मुलाच्या नमुन्यातून तिनं त्या कितीतरी महिने जोपासल्या होत्या. तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता. गोठवून ठेवलेल्या थोड्या शिल्लक होत्या, पण त्या जाग्या करून, वाढवून, सगळे प्रयोग परत करायचे म्हणजे तिचं वर्ष गेलं. त्या दिवशी इस्त्री कुणाला बोलली नाही. खुर्चीलासुद्धा नाही.

सोमवारच्या बैठकीत तिनं फक्त एवढंच सांगितलं, "कपाट तपासलं, पेट्या तपासल्या. दोष सामायिक बाटलीत आहे. बाहेरचं काहीतरी आत जातंय. नळीतलं उरलेलं कुणी परत ओतत असेल, तर असंच होतं."

टेबलाभोवती सगळे कुठे ना कुठे बघत होते, कुणी छताकडे, कुणी पेनाच्या टोकाकडे. आता हात वर करायचा, असं धाकटीनं ठरवलं. मग ठरवलं की सर पुढचं वाक्य बोलून होऊ देत. सरांचं पुढचं वाक्य असं होतं, "लंबू, तू जरा काही दिवस कॉम्प्युटरवरचं काम बघतोस का? आकडेवारीत तुझा हात छान चालतो."

लंबूचा हात आकडेवारीत कसा चालतो ते कुणी पाहिलेलं नव्हतं. पण तो वेंधळा होता, त्याच्या हातून नळ्या पडत, आणि त्याच्या नावावर आणखी एक गोष्ट खपून गेली असती. लंबूनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "चालेल की सर," तो म्हणाला, "तिथली खुर्ची तरी माझ्या मापाची आहे." सगळे गरजेपेक्षा जास्त हसले. धाकटीही हसली. ते हसू नंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडाला चिकटून राहिलं, खरकट्यासारखं.

त्या दिवसापासून ती उरलेलं मीडियम टाकाऊ डब्यात ओतायला लागली आणि पेशी मरायच्या थांबल्या. म्हणजे लंबू खोलीतून गेला आणि रोग गेला. आता आणखी पुरावा कशाला हवा?

मधल्या काळात मुलाखतीचा सराव चालूच होता. बाई टेबलापलीकडे बसत, चष्मा नाकावर घेऊन परक्यासारखं बघायचा प्रयत्न करत आणि विचारत, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." हा प्रश्न हमखास येतो म्हणे. बाईंनी त्याची रीतही शिकवली होती. चूक बेताची असावी, ती निस्तरून झालेली असावी, आणि शेवटी आपण शहाणे झालेले दिसावं. धाकटीनं झाकणावर नाव लिहिल्याची चूक सांगितली. आपण ती स्वतः कशी ओळखली, स्वतः कशी सुधारली, हेही सांगितलं. बोलताना तिचा आवाज इतका साफ येत होता, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"छान!" बाई म्हणाल्या. "किती मनापासून सांगतेस गं."

मग नातेवाइकांचा दिवस आला. वर्षातून एकदा पूर्वतयारीच्या मुलांच्या घरच्यांना बोलवायचं, प्रयोगशाळा दाखवायची, चहा-बिस्किटं द्यायची, अशी बाईंची प्रथा. लंबूचा मामा सायकलींचं दुकान बंद ठेवून आला होता, तो प्रत्येक यंत्राखाली वाकून त्याची चाकं बघत होता. धाकटीची आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि कशालाही हात न लावता उभी राहिली, फुटलं तर भरून द्यावं लागेल अशा काचेच्या दुकानात उभं राहावं तशी. बाबांनी दोनदा दाढी केली होती. नखांच्या कडांना मात्र पिवळा रंग राहून गेला होता. तो कुणाला दिसू नये, असं धाकटीला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल ती तिथल्या तिथे स्वतःवरच खट्टू झाली.

सर सगळ्यांशी गोड बोलले. "तुमची मुलगी फार छान काम करते हो," ते बाबांना म्हणाले.

झालं. बाबांना एवढंच हवं होतं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"साहेब, एक सांगू का? आम्ही काही शिकलेली माणसं नाही. पोरीला मी एकच शिकवलं. थेंब वाया घालवायचा नाही. ते तुमचं लाल औषध असतं बघा, काय गं ते? हां, मीडियम. एवढं महाग, आणि लोक उरलेलं ओतून देतात म्हणे! ही नाही देत. नळीत उरलेलं ही परत बाटलीत ओतते. अगदी पहिल्या दिवसापासून. घरी येऊन सांगितलं हिनं. मी म्हटलं, शाब्बास!"

खोलीत कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात. त्या मजल्याखाली आणखी दोन मजले होते, त्यामुळे तीही सोय नव्हती. धाकटी उभीच राहिली. लंबू बिस्किटांचा ट्रे घेऊन तिच्यासमोरच होता. त्यानं ट्रेकडे पाहिलं आणि एक तुटकं बिस्कीट नीट सरळ करून ठेवलं. इस्त्रीनं कपात पाहिलं. बाईंना एकदम खिडकीचा पडदा ओढायचं सुचलं.

"वा, वा," सर म्हणाले. "छान. चहा घ्या ना काका, गार होतोय."

बाबांचा कप रिकामा होता. त्यांनी तो उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला, कारण साहेबांनी सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर बाबा खुशीत होते. "बघितलंस? साहेब एकदम गप्पच झाले. काय बोलावं सुचेना त्यांना."

"हो ना," आई म्हणाली, आणि धाकटीकडे पाहिलं. आईला रंगातलं काही कळत नसे आणि पेशींतलंही. माणसं गप्प कशी होतात, त्याचे प्रकार मात्र तिला सगळे माहीत होते.

रात्रीची भांडी आवरताना तिनं हळूच विचारलं, "यांचं काही चुकलं का गं तिथं?"

"नाही गं."

"मग तुझं?"

"आई, झोप येतेय मला," धाकटी म्हणाली. आई धुतलेलं पातेलं परत एकदा धुवत राहिली.

पुढचे दिवस धाकटी वाट पाहत होती. आज सर बोलावतील, आज इस्त्री बोलेल. कुणी बोललं नाही. उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले. मदतनिसानं तिच्यासाठी नवे हातमोजे बाजूला काढून ठेवले. बाईंनी तिची बॅग छान आहे म्हणून सांगितलं. इस्त्री "हं", "हो", "चालेल" यापलीकडे काही बोलत नव्हती, पण तेही हळू आवाजात, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं. पेशींच्या खोलीतली लंबूची खुर्ची आता बसकीच राहत होती. तिच्यावर कुणी चिडत नव्हतं, आणि ती घूं घूं आता जास्तच मोठी वाटायची. लंबू जेवणाच्या सुट्टीत अजूनही तिच्याच टेबलावर बसायचा. तो सायकलींचे, मामाचे विनोद सांगायचा. त्या दिवसाबद्दल एक शब्द काढायचा नाही. एकदा ती "लंबू, ऐक ना" म्हणाली, तर तो पटकन म्हणाला, "तुझ्या डब्यातलं संपव आधी," आणि उठून पाणी आणायला गेला. धाकटीला तेव्हा कळलं, की आपल्यालाही त्यानं 'ही बाजू वर' करून ठेवलंय.

रविवारी सकाळी बाबा अंगणात रंग गाळत बसले होते. धाकटी ओढणीचं दुसरं टोक धरून उभी होती, लहानपणापासून धरायची तशी. बाबांनी खाली बघतच विचारलं, "त्या दिवशी मी जरा जास्त बोललो का गं?"

हे विचारायला त्यांनी किती दिवस घेतले होते, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"नाही हो बाबा," धाकटी म्हणाली. "छान बोललात."

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो ऐकू आला. अगदी सरांच्या आवाजात. तोच मऊ, गुळगुळीत, समोरच्याला हळूच दाराबाहेर नेऊन सोडणारा. बाबांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"मग ठीक," ते म्हणाले. डब्याचं झाकण बसलं होतं तरी कितीतरी वेळ ते त्यावर हातोडी ठोकत राहिले.

सोमवारी बैठकीला बाईही आल्या होत्या, कारण नावं ठरायची होती. सरांनी घसा साफ केला.

"यंदा आपण एकच नाव पुढे पाठवू या. आपल्या धाकटीचं. तिची वाटचाल, घरची परिस्थिती, सगळंच फार बोलकं आहे. लंबूनं आणखी वर्षभर थांबावं. जरा पाया पक्का होईल त्याचा."

टेबलाभोवती सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकानं त्या दिवशी हातात कप धरून ते ऐकलं होतं. तरीही प्रत्येकानं मान डोलावली, कारण न डोलवायची तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"अभिनंदन, धाकटे," लंबू म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे, पण हसत होता. "डॉक्टर झालीस की ओळख दाखव म्हणजे झालं."

धाकटी उठून उभी राहिली. खरं तर त्या बैठकीत कुणी उठून बोलत नसे.

"सर, लंबूचं नाव पाठवा. उरलेलं मीडियम मी परत ओतत होते. त्यानं कधी नाही ओतलं."

"अगं," सर म्हणाले, "तो विषय आता झाला. बस बस. प्रयोगशाळेत चालायचंच असं. तशी कुणाचीच चूक नव्हती. तू छान—"

"छान नका म्हणू, सर." तिचा आवाज सरावातल्यासारखा साफ येत नव्हता, मध्येच फाटत होता. "या टेबलावर ताईंनी सांगितलं, तेव्हाच कळलं होतं मला. मी गप्प बसले. लंबूला खोलीतून काढलंत, तेव्हाही गप्प बसले. हसले मी. मग बाबा इथं येऊन बोलून गेले, तरीसुद्धा गप्प. बाबांनासुद्धा सांगितलं नाही. लाज वाटली मला. विचारायची लाज वाटली म्हणून ओतलं, आणि ओतलं म्हणून सांगायची लाज वाटली."

बाईंचे डोळे भरून आले होते. "किती गं प्रामाणिक!" त्या म्हणाल्या. "सर, हेच जर तिनं मुलाखतीत, त्या चुकीबद्दलच्या प्रश्नाला सांगितलं ना—"

"पुरे!"

ओरडली इस्त्री. तिची खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली होती आणि या वेळी तिनं खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, पुरे करा. सर, दोघांचीही नावं पाठवा, पुढचं ते मुलाखतवाले बघून घेतील. पण आधी मला बोलायचंय." ती धाकटीकडे वळली. "चूक तुझी होती. माझ्या पेशी तुझ्यामुळे गेल्या. माझं वर्ष गेलं. आणि लंबूला अडकू दिलंस, ते तर त्याहून वाईट केलंस. कळतंय का? उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर बसायचं. गोठवलेल्या पेशी तू वाढवून द्यायच्यास मला, आणि चुकलीस तर मी ओरडणार आहे, मजल्याला ऐकू जाईल असं."

"हो, ताई," धाकटी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण मान खाली गेली नव्हती. लंबू टेबलावर नख ओढत होता. सरांनी पेन उचललं.

इस्त्रीचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं कोटाची घडी सारखी केली, परत केली.

"पहिल्यांदा ओतलंस ना तू बाटलीत," ती अखेर म्हणाली, "ते मी पाहिलं होतं. शेजारीच होते की मी. रात्री ती बाटली ओतून टाकली आणि फ्रिजमध्ये नवी आणून ठेवली. म्हटलं, एकदाच केलं असेल. दुसरं कुणी असतं, तर तिथल्या तिथे हात धरला असता मी. चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. तुझा नाही धरला."

"का नाही धरला?" धाकटीनं विचारलं. त्या प्रयोगशाळेत तिनं कुणाला विचारलेला हा पहिलाच सरळ प्रश्न.

इस्त्रीनं सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग तिनं धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं.

"बिचारी वाटलीस म्हणून."